वारा कुणीकडचा, शेजारी कोण



काशीखंडात दिवोदास राजाची गोष्ट आहे. त्याने काशीचा कारभार इतका चोख चालवला की देवांना इथे कामच उरलं नाही. शंकर मंदराचलावर जाऊन राहिले, पण त्यांना काशीवाचून करमेना. मग राजाच्या कारभारात खोट काढण्यासाठी त्यांनी एकेकाला इकडे धाडायला सुरुवात केली. योगिनी आल्या, सूर्य आला, मग म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषात ब्रह्मदेव आले. त्यांनी राजाकडून दहा अश्वमेध करवून घेतले. कुठे खोट सापडली नाही, आणि ब्रह्मदेव परत गेलेच नाहीत. त्यांच्या नावाच्या ब्रह्मा घाटावर आपण आत्ता बसलो आहोत. सूर्यही परत गेला नाही. तो बारा रूपांनी इथेच राहिला असं पुराण सांगतं, आणि ज्यांनी इथला जून काढला आहे त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही.

म्हणजे बाहेरून येऊन इथे राहून जाणं ही या गावची फार जुनी रीत. ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे महाराष्ट्रातून नव्याने आलेला माणूस हटकून यायचा. कुणी विद्यापीठात लागलेला, कुणी बँकेत बदली झालेला, कुणी वेदपाठशाळेत मुलाला सोडायला आलेला. मास्तर त्याला पगार विचारत नसत, गोत्रही विचारत नसत. खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकीतून वारा कुणीकडचा येतो आणि शेजारी कोण, एवढंच विचारत. पहिल्या दोन प्रश्नांचा अर्थ लोकांना कळायचा. तिसऱ्याचा पहिला उन्हाळा गेल्यावर कळायचा. आज मी जे बोलणार आहे ते बहुतेक त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, पण तिथे पोचायला पहिल्या दोघांच्या गल्लीतूनच जावं लागतं.

आधी आपण आलो कुठून ते पाहू. पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे आले. त्यांचा मुलगा नारायण भट्ट, जन्म १५१३ चा, ‘त्रिस्थलीसेतु’चा कर्ता. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला गेले. एकनाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये पुरं केलं ते याच गावात. अठराव्या शतकात कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर इथे स्थायिक झाले. पेशव्यांच्या घरात त्यांना मोठा मान होता, आणि १७४० च्या सुमाराचं ब्रह्मा घाट, दुर्गा घाट हे दगडी काम त्यांच्या नावावर आहे. पैठण काय, कायगाव काय, दोन्ही गावं गोदावरीकाठची, कोरडी, वैशाखात रटरटणारी. मला नेहमी वाटतं, काशीत मराठी पाय आधी रोवले ते गोदाकाठच्या माणसांनी, ही गोष्ट अगदीच योगायोगाची नसावी. विद्या आणि राजाश्रय ही कारणं खरीच. पण त्या माणसांना कोरडं ऊन नवं नव्हतं, हेही विसरू नये. कोकणातली माणसं मागून आली. किनारपट्टीवरच्या सारस्वतांचा काशी मठही ब्रह्मा घाटावरच आहे. दमट हवेत वाढलेल्या त्या मंडळींना इथलं ऊन नव्याने शिकावं लागलं असणार.

ते शिकणं काय असतं ते सांगतो. कोकणातला किंवा मुंबईचा माणूस ऊन घामावरून मोजतो. सदरा ओला झाला की उकडलं. इथे मे महिन्यात पछुआ सुटतो, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा. त्याचा जोर वाढला की त्यालाच लू म्हणतात. त्या वाऱ्यात घाम येतो तो अंगावर थांबतच नाही, जागच्या जागी उडून जातो. माणसाला वाटतं, घाम नाही म्हणजे ठीक आहे. तहानही लागत नाही. आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. म्हणून नव्या माणसाने तहानेची वाट पाहू नये. नागपूरकराला मात्र हे सांगायला जाऊ नका, तो तुम्हालाच खिशात कांदा ठेवायला शिकवील.

नागपूरकर फसतो तो पुढच्या टप्प्यावर. जूनच्या उत्तरार्धात वारा फिरतो, पुरवैया येतो. हा पूर्वेचा, बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन आलेला वारा. पारा चाळिसावरून पस्तिसावर येतो आणि माणूस अधिक हैराण होतो. इथले लोक याला उमस म्हणतात. पछुआत ज्याने तुम्हाला तारलं तो कूलर पुरवैयात कुचकामी होतो. त्याची सगळी करामत पाणी उडून जाण्यावर; हवाच ओली असेल तर पाणी उडणार कुठे? उलट खोली आणखी दमट होते. दरवर्षी नवे भाडेकरू जुलैत कूलरमध्ये पाणी भरभरून ओततात, आणि वरून तक्रार करतात की मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं, वारा बदललेला असतो. तेव्हा पाणी बंद करा, खिडकी उघडा आणि नुसता पंखा चालवा. वारा कुणीकडचा हा मास्तरांचा प्रश्न काही कवितेतला नव्हता.

दुसरी फसगत घड्याळाची. देशाचं घड्याळ एक असलं तरी सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे इथून जवळच्या मिर्झापूरच्या बाजूची. मुंबई तिच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. जूनच्या मध्यावर इथे पाच वाजून पाच-सात मिनिटांनी सूर्य वर येतो. मुंबई-पुण्यात सहा वाजतात. पुण्याचा माणूस सवयीने सात वाजता चहा घेऊन आठला भाजी आणायला निघतो. इथे आठ वाजेपर्यंत सूर्य जवळजवळ तीन तास तापलेला असतो. त्यात आपले घाट पूर्वेला तोंड करून बसलेले; समोर नदी, पलीकडे नुसती रेती, आडोसा कशाचाच नाही. तिसऱ्या प्रहरी मात्र हेच घाट मागच्या वाड्यांच्या सावलीत येतात. म्हणून इथला जुना माणूस पहाटे चारला उठतो, दहाला दार लावून घेतो, दुपारी झोपतो आणि रात्री अकराला गल्लीत गप्पा मारतो. बाहेरच्यांना वाटतं बनारसी आळशी. मला वाटतं, या हवेत दुपारी दोन वाजता काम करणाऱ्यालाच कुणीतरी जाब विचारायला हवा. ज्यांच्या कामात ते चुकत नाही, ई-रिक्षावाले, विटा उचलणारे, घाटावरचे नावाडी, त्यांना पर्याय नसतो. आपल्याला असतो आणि आपण वापरत नाही.

आता मजला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, काशी ऐंशीच्या आसपास. पण मे महिन्यातला खरा फरक दुपारी कळत नाही, रात्री कळतो. पुण्यात दिवसभर कितीही तापलं तरी रात्री पारा बावीस-तेविसापर्यंत उतरतो आणि शरीराला उसंत मिळते. इथे जूनच्या कित्येक रात्री तो अठ्ठावीसच्या खाली येत नाही. सलग चार-पाच रात्री झोप झाली नाही की धडधाकट माणूसही खचतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, रात्री दहाला जा आणि वरच्या स्लॅबला हात लावून बघा. गच्चीखालची खोली भाड्याने स्वस्त मिळते याला कारण आहे. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओतत राहतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारला तर फरक पडतो. घरमालक करणार नसेल तर पदरमोड करून करा, एका उन्हाळ्यात वसूल होतं.

जुन्या वाड्यांची अक्कल वेगळी होती. जाड भिंती, मधोमध उघडा चौक, त्यातून गरम हवा वर निघून जायची. गल्ली इतकी अरुंद आणि घरं इतकी उंच की उन्हाला जमिनीपर्यंत यायला दुपारचे थोडेच क्षण मिळत. पाहुण्यांना गल्ल्या कोंदट वाटतात, खरं तर त्या सावलीसाठीच तशा आहेत. आता त्याच गल्लीत वातानुकूलन यंत्रांची तोंडं समोरासमोर बसली आहेत. माझ्या खोलीतली उष्णता मी पाच फुटांवरच्या शेजाऱ्याच्या खिडकीत फेकतो, तो माझ्या खिडकीत. गच्चीवर झोपावं म्हटलं तर माकडं. निम्म्या गच्च्यांवर आता लोखंडी पिंजरे आहेत आणि पिंजऱ्यात माणसं झोपलेली असतात. पिंजऱ्याबाहेरून माकडं त्यांच्याकडे बघतात.

तळमजला थंड, हे खरं. पण तळमजल्याला गंगेचा हिशेब लागतो. श्रावण-भाद्रपदात इथल्या वर्तमानपत्रांत रोज एक आकडा येतो, तो नव्या माणसाने वाचायला शिकावा. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ पर्यंत चढलं होतं. त्याच्या खुणा लोक अजून बोटाने दाखवतात. आपला मोहल्ला उंचावर आहे म्हणून पायऱ्या बुडाल्या तरी घरं राहतात. मात्र वरुणेच्या काठी कोनिया, सरैया, नक्खी घाट आणि इकडे सामने घाट, नगवा या बाजूला स्वस्त जागा मिळाली तर आधी शेजारपाजारी विचारा की मागच्या पुरात खाट कुठे नेली होती. हिवाळ्याबद्दल एकच सांगतो: स्वेटर आणा, आणि जानेवारीत धुक्यामुळे गाडी आठ तास उशिरा आली तर रेल्वेला शिव्या देऊ नका.

कधी यावं? शरीराला उन्हाची ओळख व्हायला आठवडा ते पंधरवडा लागतो. त्या काळात घाम लवकर सुटायला शिकतो आणि त्यातून मीठ कमी जायला लागतं. म्हणून होळीच्या सुमारास येणारा माणूस उन्हाबरोबर चढत जातो. बदल्या मात्र होतात मे-जूनमध्ये. पुण्याच्या गारव्यातून निघालेला माणूस ज्ञानगंगा एक्सप्रेसमधून उतरतो तो थेट भट्टीत, आणि त्याच दिवशी चार मजले सामान चढवतो, कारण आपल्या गल्लीत टेम्पो येत नाही. त्याला काही झालं तर दोष उन्हाचा की बदलीच्या कागदाचा?

इथे मी मास्तरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

१९१६ च्या मार्चअखेर वीस वर्षांचा एक मुलगा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाला. सुरतेला त्याने गाडी बदलली आणि काशीला आला. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. आपल्या शेजारच्या दुर्गा घाटावर राहायचा, दुपारी अन्नछत्रात जेवायचा. जेवणावर दोन पैसे दक्षिणा मिळे, त्यात संध्याकाळचं रताळं आणि दही भागे. चैत्र-वैशाख त्याने असे इथे काढले आणि ७ जूनला तो कोचरबच्या आश्रमात गांधीजींसमोर उभा होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे, की त्याच्यासोबत आलेला एक मित्र या दोन महिन्यांत इथेच आजारी पडून वारला आणि त्याचे अंत्यसंस्कार विनोबांनी केले. तो उन्हाने गेला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. मी एवढंच बघतो की परक्या गावात, ऐन उन्हाळ्यात, दिवसातून एक वेळ जेवणारी पोरं होती, आणि त्यातल्या एकाच्या उशाशी निदान दुसरा बसलेला होता. पुढे काही वर्षांनी खेडचा पंधरा-सोळा वर्षांचा शिवराम हरी राजगुरू असाच घर सोडून इथे संस्कृत शिकायला आला. अशी किती आली असतील, ज्यांची नावं झाली नाहीत.

अन्नछत्रांबद्दल भाबडं बोलू नये. ती जातीने बांधलेली होती. पंक्तीत कोण आणि पंक्तीबाहेर कोण हे ठरलेलं होतं, आणि बाहेर राहिलेल्यांच्या हालाची नोंद कुणी ठेवली नाही. पण ज्यांना ती मिळाली त्यांना भातापेक्षा मोठी एक गोष्ट मिळत होती: हजेरी. बाराच्या पंक्तीला रोजचा माणूस दिसला नाही की वाढपी विचारायचा, तो अमका कुठे आहे? संध्याकाळपर्यंत कुणीतरी जिना चढून बघून यायचा.

ही भावुक गोष्ट नाही, मोजलेली गोष्ट आहे. १९९५ च्या जुलैत शिकागोत पाच-सहा दिवस भयंकर ऊन पडलं आणि सातशेहून अधिक माणसं दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर तिथल्या वस्त्या पालथ्या घातल्या. लागून असलेल्या दोन वस्त्या, दोन्हीकडे गरिबी, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे. पण एकीत मृत्यू फार, दुसरीत थोडे. दुसरीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं दिवसातून एकदा तरी खाली उतरत आणि उतरली नाहीत तर लक्षात येई. पहिलीत लोक दारं-खिडक्या बंद करून आत बसले आणि आतच गेले. आपल्याकडे अहमदाबादेत मे २०१० च्या उन्हात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा आराखडा केला. त्यात आगाऊ इशारे आले, दवाखान्यांची तयारी आली, पाणपोया आल्या. तो चांगला आहे. पण इशारा फोनवर येतो, आणि ज्याला भोवळ आली आहे तो फोन उचलत नाही.

आपल्या बायकांनी असा आराखडा पूर्वीच केला होता, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही. चैत्रगौर आठवा. चैत्रातल्या तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे ऊन चढत असतानाचा नेमका महिना. घरोघर हळदीकुंकू. हातावर चंदन, ओटीत भिजवलेले हरभरे, वाटली डाळ, पेलाभर पन्हं. दर दोन-चार दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या घरी जायचं, म्हणजे गल्लीतली प्रत्येक बाई महिनाभर प्रत्येकीच्या नजरेखालून जाणार. कोण उतरली आहे, कुणाला दिवस गेले आहेत, कुणाच्या सासूला उठवत नाही, सगळं पन्ह्याच्या पेल्याबरोबर कळतं. शेवटी अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा आणि पंखा दान. शेजारच्या बनारसी घरातलं पन्नाही आपल्याच पन्ह्याचं भावंड. फक्त तिथे कैरी भाजून घेतात आणि गुळाऐवजी काळं मीठ, जिरं, पुदिना घालतात. उन्हाला ते अधिक बरं, हे मी आपल्या पन्ह्याची क्षमा मागून सांगतो. सकाळी घोळून प्यायचं सातू आणि दुपारी बेलाचं सरबत हेही त्यांच्याकडून घ्यावं. पूर्वी सवाष्ण आणि विधवा हा भेद या हळदीकुंकवाला होता, आणि काशीत तर विधवा पुष्कळ. ज्यांना खबरबातेची सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच आमंत्रण नसे. आता काही घरांनी तो भेद सोडला आहे. ज्यांनी सोडला नाही त्यांनी येत्या चैत्रात सोडावा.

अडचण अशी आहे की पाठशाळेतली मुलं, विद्यापीठातले विद्यार्थी, बँकेतले एकटे तरुण, मुलगा अमेरिकेत असलेली म्हातारी जोडपी, हे सगळे या जाळ्याबाहेर आहेत. ते डब्यावर जेवतात. डबेवाला दारात डबा ठेवतो, आधीचा भरलेला डबा तसाच असेल तर उचलून नेतो. त्याला विचारायची सवय नाही, तुम्ही ती लावा. दूधवाल्याला सांगा की दोन हाकांना दार उघडलं नाही तर वर येऊन बघ. एक किल्ली समोरच्या घरी द्या, मग तो समोरचा यादव असो, बंगाली असो की मोहल्ल्यातला बुनकर. मराठीच हवा असा आग्रह धरू नका, जवळचा हवा. आणि हे घरी सगळ्यांना समजावून ठेवा: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचं अंग तापून भट्टी झालं, तर आधी त्याला सावलीत घ्या. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा धरा, आणि ते करता करताच दवाखान्याची तजवीज करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आपल्या गल्लीतून गाडीपर्यंत माणूस उचलून न्यावा लागतो, त्याला चार माणसं लागतात. ती चार कोण, हे आज ठरवता येतं.

आज भाद्रपद आहे, उमस आहे, आणि वीज गेली तर मी थांबेन. त्याआधी एक काम. आपल्या आंग्र्यांच्या वाड्यातल्या गणपतीत पिढ्यान्‌पिढ्या वर्गणीची वही फिरते. आज दाराशी दुसरी एक वही ठेवली आहे, तिच्यात पैसे मागितलेले नाहीत. गेल्या वर्षाभरात जे नवे आले आहेत त्यांनी जाताना नाव, गल्ली, कितवा मजला आणि किल्ली कुणाकडे आहे एवढं लिहावं. एकटे राहत असाल तर तसं लिहा. किल्ली अजून कुणाकडेच दिलेली नसेल तर तो रकाना कोरा ठेवा; जी नावं कोरी येतील त्यांच्याकडे या आठवड्यात आमच्यातलं कुणीतरी येईल. जिना अंधारा असेल तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे येणारा टॉर्च घेऊन येईल.